मागचं डावं दार

तू मघाशी गाडीत बसल्या बसल्या म्हणालास ना, साउंड झकास आहे, कुठे बसवून घेतलास? मीच बसवला. कसा, ते सांगतो. फक्त जरा हळू बोलू या. संघमित्रा आत पडलीय, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय.

गाडी जुनी घेतली हे तुला माहितीये. आधीचा मालक बोरिवलीचा, हर्षद नावाचा. गाडी स्वच्छ होती, फार चाललेलीही नव्हती, फक्त आतले स्पीकर भंगार. गाणं लावलं की गायकाला सर्दी झालीय असं वाटायचं. अंधेरीच्या दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, अँप्लिफायर आणि चार स्पीकर बसवून देतो, पण नंबर दोन आठवड्यांनी. दोन आठवडे! अरे, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वीस-वीस मजल्यांच्या केबल ओढतो. मला गाडीतल्या चार वायरी जमणार नाहीत? सामान उचललं आणि घाटकोपरला घरी आलो.

रविवारी सकाळी दहाला कामाला लागलो. आमचं पार्किंग तळघरात. तिथे दिवसासुद्धा ट्यूबलाइट लागते, मोबाइलला रेंज नसते, आणि कोपऱ्यातला पाण्याचा पंप मधूनच दम लागल्यासारखा धापा टाकतो. तो बंद पडला की इतकं शांत होतं, की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतं.

पहिलं काम बॅटरीची जाड लाल वायर आत आणायची. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून ती घालायची. घरून डाउनलोड करून आणलेल्या व्हिडिओतला माणूस हे चाळीस सेकंदांत करतो. मला सव्वा तास लागला. मागचे दोन स्पीकर डिकीतूनच मागच्या काचेखालच्या फळीत बसवले, पण पुढच्या दारांची पॅनल काढताना तीन क्लिपा तुटल्या. स्पीकरची भोकं दाराच्या भोकांना जुळेनात. एक स्क्रू कार्पेटखाली गेला तो गेलाच, अजून तिथेच आहे. बोटं सोलली होती, पाठीची वाट लागली होती, आणि व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगत होता, "देखा, कितना आसान है!" मी मोबाइल उलटा ठेवला.

एकच्या सुमारास सगळं जोडून चालू केलं. गाणं आलं. पण गाण्याच्या मागे एक आवाज... घूंऽऽऽ.

हे होतं. अँप्लिफायरची काळी वायर सीटखालच्या पत्र्याला बोल्टने आवळायची असते, म्हणजे अर्थिंग. ते कच्चं राहिलं की असा आवाज येतो. सोडवली, आवळली. घूंऽऽऽ. जागा बदलली, आवळली. घूंऽऽऽ. गाणं बंद केलं तरी तेच. आणि तो आवाज सरळ नव्हता, यार. वर जायचा, खाली यायचा. तोंड मिटून कुणीतरी कण्हतंय असा.

वैतागून मी बॅटरीची वायरच काढून टाकली. आता गाडीत करंटच नाही. तरी आवाज लगेच थांबला नाही. हळूहळू... दमत दमत थांबला. मी म्हटलं, माझ्याच कानात बसलाय.

पुढचं डावं दार उघडून मी जमिनीवर गुडघे टेकले आणि डोकं सीटखाली घातलं. पत्र्यावरचा रंग घासून काढायला हातात सँडपेपर, दातात टॉर्च. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"झालं का?"

बाईचा आवाज. थकलेला, कंटाळलेला. मला वाटलं, संघमित्रा जेवायला बोलवायला आली आणि मागे येऊन बसली. मी टॉर्च तोंडातून काढून ओरडलो, "नाही झालं!"

"किती वेळ अजून?"

"लागेल तेवढा लागेल. सारखं विचारू नकोस ना."

पंप बंद होता. मी घासत राहिलो.

"बोल्टखाली रंग राहिलाय," ती म्हणाली.

टॉर्च मारून पाहिलं. खरंच राहिला होता. संघमित्राला स्क्रू सरळ फिरवायचा की उलटा हेही माहीत नसतं, ती मागे बसून माझ्या सीटखालचा बोल्ट कशी बघेल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट रागच आला. कुणीतरी आपली चूक दाखवावी आणि ती बरोबर निघावी, याच्यासारखं वाईट काही नाही.

"मला उतरायचंय," ती म्हणाली.

"मग उतर ना! मी धरून ठेवलंय का?"

"दार उघडत नाही..."

मागच्या दाराला लहान मुलांसाठीचा लॉक असतो ना, तो लावलेला होता. आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं.

"केव्हापासून सांगतेय... कुणी ऐकतच नाही..."

"अगं बाई, थांब!" डोकं सीटखालीच ठेवून मी हात मागे टाकला, चाचपडत मागच्या दाराचं हँडल शोधलं आणि ओढलं. दार करकरत उघडलं. गाडी माझ्या डोक्यावर जराशी वर उचलली गेली, माणूस उतरल्यावर उचलते तशी. बंद कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला. माझ्या तळपायांजवळून चपला फरफटत गेल्या. मग लांब लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं.

आभार नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, फुगली वाटतं.

काळी वायर आवळली, बॅटरी जोडली. घूं गायब! आवाज इतका स्वच्छ, की गाणाऱ्याने मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी एकटाच खुशीत हसत बसलो. पाच मिनिटं झाली नसतील, लिफ्ट परत आली आणि संघमित्रा बाहेर पडली.

"किरण, जेवायचं नाही का? दोनदा फोन केला, लागत नाही."

"आता का आलीस परत? मघाशी फुगून गेलीस ना?"

"कोण मी?" ती म्हणाली. "मी सकाळपासून आत्ता उतरतेय खाली."

मी गाणं बंद केलं. मागचं डावं दार अजून सताड उघडं होतं. आत हात घातला, सीटवर ठेवला... सीट गरम होती.

संघमित्राला काही बोललो नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन हर्षदला फोन लावला. म्हटलं, गाडीत मागे कधी काही आवाज वगैरे...

तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला पण विचारते का ती? झालं का म्हणून?"

"कोण आहे ती?"

"माहीत नाही हो. मी पण सेकंडहँडच घेतली होती. आम्ही ते दार कधीच उघडलं नाही. लॉक मीच लावलेला." मग एकदम त्याने विचारलं, "तुम्ही उघडलं नाहीत ना?"

उघडलं, मी म्हटलं. त्याने फोन ठेवला. नंतर कितीदा लावला, उचलत नाही.

बुधवारी दुसऱ्या मजल्यावरच्या जानकीवहिनी जिन्यात भेटल्या. "काय रे किरण, पाहुणी रवली काय तुमची?" म्हणाल्या, म्हणजे राहिली का. रविवारी दुपारी त्यांना ती लिफ्टमध्ये भेटली होती. डोक्यावरून पदर घेतलेली, चेहरा नीट दिसला नाही. कुणाकडे आलात विचारलं, तर म्हणाली, "दार उघडलं त्याच्याकडे. त्याच्या घरी बाळ होणार आहे, तोवर थांबेन." आणि आमच्या मजल्यावर उतरली. जानकीवहिनींनी माझ्या दंडावर चापट मारली. "गोड बातमी आणि आमका सांगूक नाय?"

मी हसून वेळ मारून नेली, कारण बाळबीळ काही नव्हतंच. ते आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी.

गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी सेक्रेटरीकडे बसून पाहिलं, रविवार दुपारपासून बुधवारपर्यंत. दूधवाला, कुरिअरवाला, गेलेला-आलेला प्रत्येक माणूस ओळखीचा. ती बाहेर पडलेली नाही. मी लिफ्टची शाफ्ट पाहिली, गच्चीवरच्या टाकीमागे पाहिलं. मीच दार उघडलं, मलाच शोधायला हवं ना? ते सुद्धा नुसत्या वैतागापोटी उघडलं. एकदा मान वळवून बघितलं असतं तर...

संघमित्राला यातलं काही सांगितलेलं नाही. सातवा लागलाय, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. दिवसभर ती घरी एकटीच असते. मी कामावर.

पण काल जेवताना ती म्हणाली, "किरण, तू ती मावशी पाठवतोस ना दुपारची, तिचे हात फार छान आहेत रे. पाय चेपते, मला झोप कधी लागते कळतच नाही. फक्त तिला सांग, आत आल्यावर पदर जरा मागे घे म्हणावं. महिना झाला, अजून मी तिचं तोंड बघितलं नाही."