सातव्या प्रसंगातला आवाज

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. ज्या बाईवर हे बेतलं ती माझी सख्खी मावशी होती, आणि खोटं बोलून मिळवण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. एवढंच सांगते.

१६ सप्टेंबर १९५४. गुरुवार.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या मागच्या अंगाला, आवाज भरायच्या खोलीत, माझी विनीमावशी माइकसमोर उभी होती.

पडद्यावर तिची मैत्रीण होती.

मैत्रिणीला जाऊन पाच आठवडे झाले होते...

विनिफ्रेड ओबरहोल्ट नेब्रास्काची. अ‍ॅग्नेस टॉमचॅक टोलीडोची. १९३८ साली दोघी एकाच आठवड्यात हॉलिवूडला नशीब अजमावायला आल्या आणि घरमालकिणीनं त्यांना एका खोलीत कोंबलं. एक शेगडी, एक इस्त्री, बऱ्यापैकी बुटांचा एकच जोड. जिला कामासाठी बोलावणं येईल तिनं तो घालायचा.

दिसायला दोघी अगदी वेगळ्या. आवाज मात्र एक.

फोनवर मालकीण हटकून फसायची. अ‍ॅग्नेसला नको असलेल्या माणसांना विनी अ‍ॅग्नेस बनून कटवायची आणि मग दोघी उशीत तोंड खुपसून हसायच्या.

स्टुडिओनं अ‍ॅग्नेसचे केस रंगवले, दोन दात बदलले, नाव बदललं. कॉरिन व्हेल. पाच वर्षांत तिचा चेहरा चौकाचौकात लागला. विनीच्या वाट्याला नर्स, शेजारीण, टायपिस्ट. दार उघडायचं, "डॉक्टर आलेत" म्हणायचं, दार लावायचं. तेही हळूहळू बंद झालं.

अ‍ॅग्नेस तिला विसरली नाही. पण चाळिशी जवळ आली तसं स्टुडिओनं अ‍ॅग्नेसलाच विसरायला सुरुवात केली. सुरकुत्या लपाव्यात म्हणून कॅमेऱ्यापुढे जाळीचं कापड आलं. मग एका नव्या पोरीच्या आईची भूमिका पुढे केली. अ‍ॅग्नेसनं ती मुकाट्यानं घेतली आणि झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. रात्रीच्या आधी, नंतर दिवसाच्याही.

ऑगस्टमध्ये ती झोपेतच गेली. हृदय बंद पडलं, असं पेपरात छापून आलं.

तिचा शेवटचा सिनेमा चित्रित झाला होता, पण बाहेर घेतलेल्या सात प्रसंगांतले संवाद वाऱ्यात वाहून गेले होते. ते पुन्हा भरायला हवे होते. स्टुडिओतल्या लूमिस नावाच्या साहेबाला कुणीतरी अ‍ॅग्नेसच्याच आवाजाच्या त्या जुन्या मैत्रिणीची आठवण करून दिली.

विनीमावशीला चौदा महिन्यांनी काम मिळालं. हे जमलं तर वर्षभराचा करार करू, असं लूमिसनं सांगितलं होतं.

ती रडली. मग आरशासमोर उभी राहून अ‍ॅग्नेससारखी बोलून पाहिली. काहीच वेगळं करावं लागलं नाही.

काम सोपं होतं. फिल्मचा छोटासा तुकडा, दोन्ही टोकं जोडून गोल केलेला. तेवढाच प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरायचा. कानाला लावलेल्या यंत्रात तीनदा टक् व्हायचं, आणि चौथ्या टक्च्या जागी बोलायचं. ओठ जुळेपर्यंत तेच.

काचेपलीकडे गस पेट्राकिस बसायचा. साठीचा माणूस, बोलपटाच्या पहिल्या दिवसापासून या धंद्यातला. तोंडावर कौतुक करणं त्याला ठाऊक नव्हतं. बुधवारी सहावा प्रसंग संपला तेव्हा मात्र तो म्हणाला, "विनी, डोळे मिटले की मला तीच उभी दिसते."

त्याच्या मनात चांगलंच होतं.

गुरुवारी सातवा प्रसंग. कॉरिन खिडकीत उभी, कॅमेरा बाहेर अंगणात. वाक्य एकच.

"तू जा. मी थांबते."

मग ओठ मिटतात, पडदा हलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आठ-दहा वेळा विनीमावशी बोलली. कधी लवकर, कधी उशिरा. बाराव्या खेपेला अगदी बरोबर जुळलं.

पण ओठ मिटले नाहीत...

ते हलत राहिले.

विनीमावशीला वाटलं, उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे तसं होतंय. तिनं काचेकडे पाहिलं. गस उभा राहिला होता.

त्यानं यंत्र बंद केलं, तुकडा काढला आणि दिव्यासमोर धरून एक-एक चित्र तपासलं. वाक्य संपल्यावर सगळ्या चित्रांत ओठ मिटलेले होते. त्यानं तिला बोलावून दाखवलं. मग तुकडा परत चढवला.

टक्. टक्. टक्.

"तू जा. मी थांबते."

ओठ पुन्हा हलले. या वेळी जास्त वेळ.

आणि खोलीतला पंखा थांबला...

म्हणजे पाती फिरत होती. आवाज तेवढा येत नव्हता. बाहेरचा वारा ऐकू येत नव्हता, फिल्मची खरखर नाही, काही नाही. विनीमावशीला आपला श्वाससुद्धा ऐकू येईना.

सोळा वर्षं तो चेहरा तिनं पाहिला होता. दात घासताना, रडताना, झोपेत पुटपुटताना. ते ओठ वाचायला तिला कुणाची मदत लागणार नव्हती.

विनी. मला उठव.

आता जे सांगते ते मावशीनं बत्तीस वर्षं एका पाद्र्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

अ‍ॅग्नेस गेली त्या दिवशी दुपारी मावशी तिच्या घरी गेली होती. कामासाठी शब्द टाकशील का, विचारायला. मोलकरीण म्हणाली, बाई झोपल्यात. मावशी जिना चढून वर गेली. दार अर्धवट उघडं होतं. अ‍ॅग्नेस पालथी पडली होती, एक हात पलंगाखाली लोंबत होता. घशातून घरघर येत होती.

मावशीला ते बरं दिसलं नाही. पण झोपेतून उठवलं की अ‍ॅग्नेस चिडायची, आणि मावशी तर काम मागायला आली होती. चिडलेल्या माणसाकडे काय मागणार?

तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि बसनं घरी आली.

संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली.

पडद्यावरचे ओठ आता थांबतच नव्हते. गस काचेपलीकडे हात हलवत होता, बहुतेक ओरडत होता. मावशीला फक्त कानातलं टक् ऐकू आलं. एक... दोन... तीन...

चौथ्याच्या जागी ती म्हणाली, "अ‍ॅग्नेस, ऊठ. ऊठ गं."

मावशीनं मला शपथेवर सांगितलं, ते शब्द तिच्या घशातून निघाले, पण तिला ऐकू आले नाहीत.

खिडकीतल्या बाईनं मान वळवली. थेट तिच्याकडे पाहिलं. हसली नाही, रागावलीही नाही. नुसतं पाहिलं, उशिरा आलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

मग ती खिडकीतून आत निघून गेली...

तुकडा फिरत राहिला. खिडकी. पडदा. खिडकी. पडदा.

पंख्याचा आवाज परत आला.

गसनं फिल्म काढून पुन्हा दिव्यासमोर धरली. एकाही चित्रात बाई नव्हती. नुसती रिकामी खिडकी. "लूमिसला मी सांगतो," तो म्हणाला. "तू घरी जा, विनी. कुणाशी बोलू नकोस."

त्यानं भरलेला आवाज लावून पाहिला. तीनदा टक् होतं, पंख्याची घरघर होती. मावशी नव्हती.

आणि मग खरी गोष्ट सुरू झाली.

लूमिसनं तिला सोमवारी परत बोलावलं. नवा माइक लावला. ती बोलली. समोर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आलं. यंत्रावरची सुई जागची हलली नाही. दुसरा माइक आणला, मग तिसरा. तिला खोकायला सांगितलं, टाळी वाजवायला सांगितलं. टाळी उमटली. खोकला उमटला नाही.

लूमिसला वाटलं, बाई आणि गस मिळून आपल्याला बनवतायत.

"बाई, करार नको असेल तर सरळ सांगायचं होतं," तो म्हणाला.

तो प्रसंग कापून सिनेमा लागला. आठवडाभर चालला. तुम्ही तो पाहिलेला नसणार.

मावशीनं रेडिओवर काम मागितलं, तिथेही तेच. टेलिफोन कंपनीच्या नोकरीत पहिल्याच दिवशी पलीकडचे लोक "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवायला लागले. शेवटी ग्लेनडेलच्या एका दुकानात तिनं पंचवीस वर्षं पडद्याचं कापड मोजलं. लग्न केलं नाही. चर्चमध्ये जाऊन अ‍ॅग्नेसची माफी मागून झाली, पाद्र्यापुढे कबुली देऊन झाली. काही फरक पडला नाही. ती मला म्हणाली, "माफ करायला कुणीतरी असावं लागतं. ती तिथून निघून गेली. मी पाहिलं ना."

हे सगळं तिनं मला १९८६ साली, हॉस्पिटलात, तीन दुपारी बसून सांगितलं. मी शेजारी कॅसेट चालू ठेवली होती.

ती गेल्यावर मी कॅसेट लावली. माझे प्रश्न आहेत. तिच्या कपात चमचा फिरतोय. बाहेर नर्सची ढकलगाडी जातेय. आणि माझ्या दोन प्रश्नांच्या मध्ये लांबच्या लांब... काही नाही.

मी ती कॅसेट खूपदा ऐकली. दर वर्षी, ती गेली त्या तारखेला.

गेल्या महिन्यात मी धाकट्या बहिणीला फोन केला होता. तिला माझ्या गुडघ्याचं सांगत होते. चांगली पाच मिनिटं बोलले असेन.

ती मधेच म्हणाली, "अगं, बोल ना. फोन करून गप्प का बसलीयस?"

लाइन खराब असेल. इथे वारा सुटला की होतं तसं कधीकधी.

त्यानंतर मी कुणाला फोन केलेला नाही. म्हणून हे लिहून कळवतेय.