वजन का घटतंय?

"सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. कालपेक्षा दीडशे ग्रॅम कमी," निगा म्हणाली.

मृण्मयीने बाबांच्या वजनाचा आकडा वहीत लिहिला. निगा म्हणजे घरी रुग्णाची देखभाल करणारा यंत्रमानव. मृण्मयीचे बाबा सातपुड्यातल्या पाड्यांवर ड्रोनने औषधं पोहोचवायचे. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या स्वादुपिंडाची (जठरामागची, पाचकरस बनवणारी ग्रंथी) मोठी शस्त्रक्रिया झाली होती. आता ते दिवसातून सहा वेळा थोडंथोडं जेवत, तरी वजन उतरतच होतं. सेहेचाळीसच्या खाली गेलं, तर पुन्हा इस्पितळात नेऊन नाकातून आतड्यापर्यंत नळी घालावी लागेल, असं आहारतज्ज्ञ लोखंडेबाईंनी बजावलं होतं.

"मग खाल्लेलं जातं कुठे?" मृण्मयीने विचारलं.

"मला दोन गोष्टी ठाऊक नाहीत," निगा म्हणाली. "शौचाला कसं होतं? आणि पचनाची कॅप्सूल नेमकी कधी घेतली जाते?"

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. "तेलकट होतं. पाण्यावर तरंगतं. लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

"म्हणजे दूध, तूप, अंडी यांतली चरबी न पचताच बाहेर पडतेय. तुमच्या स्वादुपिंडाचा बराच भाग काढलाय, त्यामुळे विकरे (अन्नाचे बारीक कण करणारे पदार्थ) कमी पडतात. कॅप्सूलमध्ये तीच असतात. पण ती अन्नात मिसळून, अन्नाबरोबरच आतड्यात उतरली पाहिजेत. आधी घेतली तर ती पुढे निघून जातात आणि अन्न मागे राहतं."

कॅप्सूल द्यायचं काम मृण्मयीने निगाकडून हट्टाने मागून घेतलं होतं. बाबांची पित्ताची गोळी जेवणाआधी अर्धा तास असते, म्हणून कॅप्सूलही ती त्याच वेळी देत होती. उद्यापासून गुपचूप वेळ बदलता आली असती. पण मग लोखंडेबाईंना खरं कारण कळलंच नसतं.

"बाबा, माझं चुकलं. मी अर्धा तास आधी देतेय."

बाबांनी तिला जवळ ओढलं. "दोघांचंही चुकलं, गं. लाव बाईंना फोन."

पडद्यावर लोखंडेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पहिल्या घासाबरोबर एक, जेवण निम्मं झालं की दुसरी. चावायची नाही. तूप बंद करू नका, अंगात ताकद त्यानेच येईल. तीन दिवस बघू. आणि नळी लागलीच, तर ती शिक्षा नव्हे हं. शरीराची झीज थांबवायचा तोही एक मार्ग आहे."

दुसऱ्या दिवशी काटा सेहेचाळीस किलो शंभर ग्रॅमवर आला. मृण्मयीने कॅप्सूलची वेळ पुन्हा तपासली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तोच आकडा. तिसऱ्या सकाळी तिने डोळे मिटूनच घेतले.

"सेहेचाळीस किलो अडीचशे," निगा म्हणाली. "दीडशे ग्रॅम जास्त."

"आणि तेलकटपणाही कमी झालाय," बाबा न लाजता म्हणाले.

मृण्मयीने डोळे पुसले. "निगा, काढलेलं स्वादुपिंड पुन्हा वाढवता येईल का?"

"अजून कुणाला जमलेलं नाही. प्रयत्न चालू आहेत."

"कुठे चालू आहेत?" तिने वही ओढली. "सगळं नीट सांग. मला लिहून घ्यायचंय."