अर्ध्या क्लचवर

"हे काय आणलंयस? डबा?" डॉ. शहनाज मुलाणींनी विचारलं.

केतकीने टेबलावर गाठोडं ठेवलं आणि शाळेच्या खो-खो संघाच्या जुन्या टी-शर्टची गाठ सोडली. आत एक वाकडा, गंजका लोखंडी दांडा होता. त्याच्या टोकाला झिजून गुळगुळीत झालेलं रबर.

"क्लचचं पेडल, मॅडम! ढाण्याचं!"

कराडच्या त्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत नुकतेच आलेले दोन संशोधक विद्यार्थी खुर्च्या सरकवत जवळ आले. क्लच हा शब्द त्यांनी ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. रस्त्यावरच्या गाड्या आता आपल्या आपण चालत. त्यांत पायाखाली गालिचा असे, दाबायला काहीच नसे.

"मग हे दाबल्यावर व्हायचं काय?" एकाने विचारलं.

"इंजिन आणि चाकांची फारकत," केतकी म्हणाली. "सोडलं की पुन्हा लग्न. पण हळू सोडायचं, नाहीतर गाडी लाथ मारते."

मॅडम हसल्या. केतकी धुमाळ अकरावीत होती. सहा महिन्यांपूर्वी विज्ञान मेळाव्यात तिने त्यांना गाठलं होतं आणि ओळखदेख नसताना सांगितलं होतं, "तुमचं यंत्र माझ्या पप्पांच्या ट्रकला लावायचंय." तेव्हापासून ती दर शनिवारी इथे येत असे आणि आल्यावर पंख्यापेक्षा जास्त आवाज करत असे.

ढाण्या हा धुमाळांचा जुना चारचाकी-जोराचा ट्रक. म्हणजे पुढची आणि मागची, चारही चाकं एकदम ओढणारा. वीस वर्षांपूर्वी मेटाच्या पठारावर वणवा पेटला, मेटवाडीची माणसं वर अडकली, आणि तरण्या विक्रांत धुमाळने ढाण्या घेऊन जुन्या घाटाने चार फेऱ्या मारल्या. हौद्यात ओल्या गोणपाटांखाली माणसं झोपवून एकेक खेप खाली आणली. अख्खी वाडी वाचली. गावात ही गोष्ट लहान पोरांना घास भरवताना सांगत. केतकीलाही तिचा घास त्याच गोष्टीवर भरवलेला.

नंतर काही वर्षं पप्पांनी ढाण्या चालवला, मग तो गोठ्यामागे पडून राहिला. गेली तीन वर्षं दर रविवारी पप्पा आणि केतकी त्याला उठवत होते. स्प्रिंगचे पाटे बदलले, ब्रेक नवे बसवले, इंजिन जैवइंधनावर आणलं, अडकलेली गाडी ओढून काढायला पुढे ओढदोराचं चक्र लावलं. आता घाटमाथ्यावर वणव्याचं संग्रहालय होत होतं आणि ढाण्या तिथे उभा राहणार होता. त्यातली सगळ्यात भन्नाट कल्पना केतकीची होती. आलेला माणूस ढाण्यात बसेल, पेडलवर पाय ठेवेल आणि पेडल त्याच्या पायाखाली आपोआप हलेल. वणव्याच्या दिवशी पप्पांच्या पायाखाली हललं होतं, अगदी तसंच!

"पेडलला ते आठवतं कसं, एवढं सांगा ना," दुसरा विद्यार्थी म्हणाला.

"घडीच्या साडीसारखं," मॅडमनी पेडल चिमट्यात बसवलं. "पोलादाचे कण ओळीत बसलेले असतात. जोर पडला की ओळ कणभर सरकते आणि पुरती मागे येत नाही. मोड राहतो. पुढचा मोड त्याच्यावर. आमचा कंपवाचक बारीक कंप सोडून हे मोड क्रमाने वाचतो. ही धातुस्मृती."

"आणि मोड घालवायचे असतील तर?"

"इस्त्री!" केतकी मध्येच ओरडली. "लाल होईपर्यंत तापवा. सगळे कण परत ओळीत. लोखंड नवजात!"

"बरोबर. म्हणून आमचा एक नियम आहे. आकडे कुणीही रचेल. धातू पुन्हा वाचायला समोर असेल तरच ते वाचन खरं. धातू गेला, पुरावा गेला."

पडद्यावर थर उमटू लागले. प्रत्येक माणूस पेडल आपल्या सवयीने दाबतो आणि सोडतो. त्या सवयीला मॅडमनी नाव दिलं होतं, पदठसा. वरचा पातळ थर केतकीचा होता. मागच्या वर्षी ती ढाण्यावरच गाडी शिकली होती. त्याखाली पप्पांचा जाड थर. धाडकन दाबायचं, धाडकन सोडायचं.

"आणि हा तुझा वणवा," मॅडमनी खाली बोट ठेवलं. "घाटाची सगळी वळणं ओळीने, चारदा."

यंत्राने त्या थराचा ठसा काढला आणि इतरांशी ताडून पाहिला. पडद्यावर नाव आलं. केतकी धुमाळ.

सगळे हसले. केतकी सगळ्यात मोठ्याने. "मॅडम, मी तेव्हा जन्मलेपण नव्हते!"

मॅडमनी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. त्या हसायच्या थांबल्या.

"हे बघ. हा माणूस क्लच अर्धा सोडतो, तिथे थांबतो, श्वास घेतल्यासारखा, आणि मग बाकीचा सोडतो. तूही तेच करतेस. तुझे पप्पा हे कधीच करत नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. आणि घाटाची वळणं त्यांच्या थरात कुठेच नाहीत."

"म्हणजे यंत्र चुकलं."

"यंत्राला सवय कळते गं, जन्मतारीख कळत नाही. आणि सवय शिकवलेली असते. तुला गाडी कुणी शिकवली?"

"पप्पांनी," केतकी म्हणाली. आणि मग तिला खरं आठवलं.

पप्पांनी एक दिवस शिकवली होती. गाडी चार वेळा बंद पडल्यावर ते इतके ओरडले की ती रडत उतरली. मग सारिकाआत्या गिरणीतून पिठाचे हात पुसत आली आणि शेजारी बसली. "मला काय येतंय गं चालवायला? मी आपलं बघून सांगते. अर्धं सोड. थांब. उंबऱ्यावर थांबतो तशी थांब. गाडी काय म्हणतीय ऐक. आता ये आत."

बघून सांगते.

*

रविवारी पप्पा ढाण्याखाली आडवे होते. फक्त पाय बाहेर दिसत होते.

"चौदाचा पाना दे गं."

केतकीने पाना दिला. "पप्पा, वणव्याच्या दिवशी तिसऱ्या वळणावर क्लच कसा सोडलात?"

"कसा म्हणजे? सोडतात तसा."

"अर्धा सोडून थांबलात?"

खालचा आवाज बंद झाला. "जुनं पेडल कुठंय?" पप्पांनी विचारलं. "भंगारात टाक म्हटलं होतं ना?"

"टाकलं नाही."

"केतकी, त्या पेडलचं काय करायचं नाही. नवं बसवलंय मी. चकाचक."

ते बाहेर आले नाहीत. इतर वेळी बोलताना ते चाकामागून डोकं काढत, ग्रीसचं बोट तिच्या नाकाला लावत. तीन वर्षं! तीन वर्षं तिने त्यांच्या हातात पाने दिले होते, आणि प्रत्येक बोल्ट पिळताना ती वणव्याची गोष्ट मागायची, आणि ते सांगायचे. दर वेळी थोडी वाढवून. तिला वाटायचं, पप्पांना हळूहळू आठवतंय.

ती तरातरा गिरणीत गेली. आत्या चाळणी झटकत होती.

"तू चालवलास ढाण्या. वणव्यात."

आत्याने चाळणी खाली ठेवली.

"लोखंड बोललं वाटतं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं. घाटाच्या पायथ्याशी धूर पाहून विक्रांतदादाचे पाय गारठले. तो उतरला आणि रस्त्यावर बसला. एकोणीस वर्षांची सारिका शेजारच्या सीटवर होती. ती सरकली. शेतातून ट्रक मागे-पुढे करत ती चोरून शिकली होती. वर धुरात काही दिसत नव्हतं आणि माणसं गोणपाटाखाली होती, त्यांनी चालवणारा पाहिला नाही. शेवटची खेप उतरल्यावर दादा म्हणाला, सरक, गावात मी नेतो. गावाने पाहिलं ते त्याला.

"मग आजोबांनी?"

"ते म्हणाले, पोरीचं नाव नको, सोयरीक यायचीय. सोयरीक काय आली नाही. दादाला मात्र त्या नावावर नोकरी लागली."

"आणि तू गप्प बसलीस? मी सगळ्यांना सांगणार! संग्रहालयाच्या दारात तुझा हा एवढा फोटो लावणार!"

आत्या हसली, पण डोळे हसले नाहीत. "पेडल कुठंय?"

"माझ्या दप्तरात."

"माझ्याकडे दे. दादा आता ते शोधेल."

केतकीने टी-शर्टसकट पेडल तिच्या हातात ठेवलं. जगात त्या क्षणी तिचा एकाच माणसावर विश्वास उरला होता.

*

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा पेडल गिरणीच्या पायरीवर पडलं होतं. गंज गेला होता. रबर वितळून गेलं होतं. लोखंडावर काळपट निळी झाक चढली होती, आणि शेजारी पप्पांची वेल्डिंगची नळी होती.

"पप्पांनी जाळलं!" ती ओरडली.

"मी," आत्या म्हणाली.

केतकीने पेडल उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"तो काल माझ्यासमोर रडला गं. तुझ्या पप्पाला रडताना पाहिलंयस कधी? म्हणाला, पोरीच्या नजरेतून उतरलो तर मी कुठं जाऊ?"

"आणि तू? तू माझ्या नजरेतून..."

"मला विचारलंस का तू? आत्या, सांगू का? एवढं एक वाक्य? तू एकदम फोटो लावायला निघालीस. एवढी वर्षं मी काय मुकी होते? माझ्या पायाचं होतं. मी पुसलं."

"माझ्याकडून फसवून घेऊन!"

"होय," आत्या म्हणाली. "फसवून."

केतकी आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. पप्पांनी आणलेली शेवपुरी तिने न खाता मऊ पडू दिली. मग तिने कराडला फोन केला. "आमच्याकडचं वाचन आता नुसते आकडे," मॅडम म्हणाल्या. "मी ते कुणापुढे ठेवू शकत नाही. पण संग्रहालयाला चालतं पेडल हवंच आहे. नवं पेडल कोरं आहे ना? मग ज्याने तेव्हा घाट चालवला त्यानेच पुन्हा चार फेऱ्या माराव्यात. नव्या धातूत ठसा उतरेल. मी तोच वाचीन. संग्रहालयवाल्यांना तसं कळवलंय मी."

"ज्याने चालवला त्यानेच," केतकी म्हणाली.

"मी तेवढंच लिहिलंय. नाव लिहिलेलं नाही."

*

निघायच्या दिवशी सकाळी ढाण्या अंगणात उभा होता. हिरवा रंग, नवे पाटे, काच अशी लखलखीत की केतकीला राग यावा. जुना घाट बाकीच्या वाहतुकीला बंद होता, त्यामुळे वर-खाली जायला अडचण नव्हती. पप्पांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी किल्ली हातात फिरवली, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला. आणि घाटाच्या बाजूला पाहून तो परत खाली घेतला.

"केतू," ते म्हणाले. ती लहान असताना ते तिला असं म्हणत. "तूच चालव ना."

"मी?"

"तुला मस्त जमतं. माझी कंबर धरलीय. मी पायथ्याच्या वळणाला थांबतो. चार फेऱ्या मार, आणि शेवटच्या फेरीला खाली आलीस की मी बसतो. वर समारंभाला मी नेतो. लोखंडाला काय कळतंय, धुमाळांचाच पाय."

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काही खटकलंच नव्हतं. हेच वाक्य आपण आधी कुणाला तरी म्हटलंय, हेही नाही. तिला वाटलं होतं, वणव्याच्या धुरात एकदा माणूस घाबरला, एकदा खोटं बोलला. तेवढं तिने कदाचित पोटात घातलं असतं. पण आज धूर नव्हता. लख्ख ऊन होतं, आणि पप्पा तिला किल्ली देत होते, प्रेमाने.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती चालवेल तर ठसा खराच उमटणार होता. अर्धं सोड, थांब, ऐक. नव्याकोऱ्या पोलादावर आत्याचं पाऊल, वर पाटी पप्पांची. कुणी कितीही वेळा वाचलं तरी यंत्र खरं तेच सांगेल आणि पाटी खोटं तेच.

किल्ली घेऊन ती चढली. दुसरं काय करावं तिला सुचेना. किल्ली लावली, हात स्टिअरिंगवर ठेवले, पाय मात्र पेडलपासून लांब, सीटखाली ओढून घेतला.

गिरणीचा पट्टा थांबला. आत्या दारात आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण ती पदराला हात न पुसताच अंगण ओलांडून आली.

"दादा," ती म्हणाली, "माझं मागितलंस, मी दिलं. दोनदा दिलं. हिचं नाही द्यायचं."

"सारे, अगं लोक जमलेत वर..."

"जमू देत की."

तिने चालकाच्या बाजूचं दार धरलं. पिठाची पाची बोटं हिरव्या रंगावर उठली.

"सरक गं."

केतकी हलली नाही. "तू माझं पेडल जाळलंस."

"जाळलं."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस. सरक."

केतकी शेजारच्या सीटवर सरकली. आत्या वर चढली, चप्पल काढून खाली अंगणात टाकली, आणि अनवाणी पाय चकचकीत पेडलवर ठेवला. वीस वर्षांनी. तिने क्लच दाबला, किल्ली फिरवली, गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला. थांबली. ढाण्या गुरगुरत जागच्या जागी उभा राहिला, पुढे नाही, मागे नाही.

फाटकाशी पप्पा उभे होते, नव्या शर्टात. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"केतकी, एक आत्ताच सांगते," ती म्हणाली. "खाली उतरल्यावर जागा बदलायची नाही."

आणि तिने उरलेला क्लच सोडला.