हवापत्रिका आणि एक बादली

खानोलकरकाकूंचे सांडगे वाळत नव्हते, आणि त्याचा राग त्या दिसेल त्या गणवेशावर काढत होत्या.

"अहो मॅडम, जरा इकडे या," त्यांनी तेजल केळुसकरला भर डेकवर अडवलं. "वाचा हे. पाचवा दिवस, सकाळी नऊ ते एक, कोरडं ऊन, वारा मंद. मग माझे सांडगे चिकट कशाने? बोट लावून बघा, बघा ना!"

तेजलने बोट लावलं. सांडगा बोटाला चिकटून वर आला.

"समुद्रावर असं व्हायचंच, काकू."

"काल नाही झालं! काल कुरडया कशा कडकडीत वाळल्या. आजचं ऊनच बरं नाही. मला मेलीला काय कळतंय, पण पत्रिका तुमची आहे, तुम्ही बघा."

आता मुंबईहून पोर्ट लुईला निघालेल्या 'रेवती' या प्रवासी जहाजावर सांडगे कसे, असं कुणी विचारेल. विमानांच्या इंधनावर कोटा आला, तिकिटं आवाक्याबाहेर गेली आणि लोक पुन्हा जहाजाने जाऊ लागले. ऐन मे महिन्यात आठ दिवस रिकामे आणि फुकटचं कडक ऊन मिळालं, तर आपली माणसं दुसरं काय करणार? पण एवढा धीर त्यांना आला होता तो हवापत्रिकेमुळे. जहाजावर पाऊल ठेवताच प्रत्येकाच्या हातात एक कार्ड पडे. त्यावर आठही दिवसांची, दर तासाची हवा छापलेली असे. वारा किती, लाटा किती, सर कधी येणार आणि किती मिनिटांत जाणार. लोक त्याप्रमाणे डेकवर बारशी करत, पत्त्यांचे डाव मांडत, बोट लागणाऱ्यांना गोळ्या देत. सहा वर्षांत पत्रिका चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तेजल जहाजावरची सेकंड ऑफिसर होती. दुपारी आणि रात्री बारा ते चार ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या खोलीत, तिचा पहारा असे. बाराला पाच मिनिटं कमी असताना ती वर गेली. सांडग्याचा चिकटपणा अजून बोटावर होता आणि तिला उगाचच अस्वस्थ वाटत होतं. तिने बोट पँटला पुसलं.

पहारा सुरू झाला की पहिलं काम नोंदीचं. दर तीन तासांनी प्रत्येक जहाजाने आपल्या जागेवरची हवा पत्रिका बनवणाऱ्या गणनकेंद्राला कळवायची. उपग्रह वरून ढगांचे माथे बघतात, तरंगते यंत्रगोळे पाणी मोजतात. पण गोळे खाऱ्या पाण्यात सडतात, जहाजावरचे संवेदकही सडतात आणि मग वाटेल ते आकडे सांगू लागतात. म्हणून नियम असा होता की माणसाने स्वतः बघून केलेली नोंद शेवटची मानायची. नियम उत्तमच होता. फक्त वेळ वाचावा म्हणून पडद्यावर त्या तासाच्या पत्रिकेचे आकडे आधीच भरलेले येत. बाहेर बघायचं, फरक असेल तर आकडा बदलायचा, नसेल तर 'मान्य' दाबायचं.

फरक कधी नसायचाच. मग बाहेर कोण बघतंय?

तेजलने बोट 'मान्य'वर नेलं. इतक्यात दार ढकलून इब्राहिमचाचा आत आले. चाचा म्हणजे जहाजाचे सारंग, खलाशांचे मुकादम. बाणकोटचे, साठीला टेकलेले. हातात कॅनव्हासची जुनी बादली, तिच्यात थर्मामीटर, आणि फरशीवर पाण्याची धार.

"चाचा, किती वेळा सांगू? ती बादली ठेवून द्या. पाण्याचा आकडा पत्रिकेत येतो."

"येतो ना. मी तुमचा आकडा कुठे मागतो?" चाचांनी बादली खाली ठेवली. "चाळीस वर्षांची सवय हाय, मॅडम. पहारा बदलला का बादली टाकायची. पण आज जरा बघा. पाणी एकतीस हाय."

पडद्यावर लिहिलं होतं: अठ्ठावीस पूर्णांक आठ.

"थर्मामीटर बिघडला असेल."

"मीही तेच बोललो. म्हणून दुसरा लावला. तोपण एकतीस." चाचांनी भिंतीवरच्या पितळी बॅरोमीटरकडे मान वळवली. तो जुना, शोभेचा म्हणून ठेवलेला. रोज सकाळी दहाला तेच तो घासायचे. "आणि ह्याचा काटा. ह्या भागात रोज दहाला काटा वर चढतो, चारला खाली येतो. समुद्राची तशी हवेचीपण भरती-ओहोटी असते. आज दहाला चढलाच नाय. उलटा उतरतोय."

तेजल बॅरोमीटरपाशी गेली. एक हजार चार. पत्रिकेत एक हजार दहा. मग ती काचेपाशी गेली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिने नोंदीसाठी बाहेर पाहिलं.

ऊन होतं. वारा आग्नेयेचा, मंद, पत्रिकेत होता तसा. पण त्या वाऱ्याच्या बारीक लाटांखालून दुसरंच काहीतरी येत होतं. लांब, गुळगुळीत लाटा, नैऋत्येकडून. त्यांवर फेस नव्हता, आवाज नव्हता. तिने सेकंद मोजले. एका लाटेपासून दुसरीपर्यंत बारा. असल्या लाटा इथल्या वाऱ्याने उठत नाहीत. दूर कुठेतरी गरम पाण्यावर पोसलेलं वादळ समुद्र घुसळतं आणि त्याच्या लाटा त्याच्या आधी पुढे धावतात. हे ती प्रशिक्षणात शिकली होती, परीक्षेत लिहून पास झाली होती आणि विसरली होती.

ती वळून पडद्यापाशी आली.

"उपग्रहाला दिसलं कसं नाही?" ती स्वतःशीच बोलली आणि पडद्यावर या भागातल्या सगळ्या नोंदी उघडल्या. उपग्रहाला दिसलं होतं. काल संध्याकाळपासून तो 'ढग फिरताहेत, संशय' असं सांगत होता. पण त्याच भागातून गेलेल्या सहा जहाजांनी 'सगळं शांत' कळवलं होतं, आणि नियमाप्रमाणे केंद्राने माणसांवर विश्वास ठेवला होता. तिने त्या नोंदी एकाखाली एक लावल्या. वारा अकरा पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक तीन. डोळ्यांनी वारा जोखणारी सहा माणसं दशांशापर्यंत एकमेकांशी जुळतील होय? सहाही जणांनी 'मान्य' दाबलं होतं. पत्रिका आपलाच आवाज ऐकत होती आणि 'वा, बरोबर' म्हणत होती. त्यातली पहाटे तीनची एक नोंद 'रेवती'ची, तिच्याच रात्रीच्या पहाऱ्यातली होती. अगदी वरची, सर्वांत पुढच्या जहाजाची, 'स्वाती'ची होती. खाली नाव होतं: गार्गी केळुसकर.

गार्गी तिची धाकटी बहीण.

'स्वाती' याच वाटेवर दीडशे मैल पुढे होती. म्हणजे त्या लाटा जिथून येत होत्या, त्या दिशेला. तिच्यावर तीनशे दहा प्रवासी होते.

तेजलचा निरोप मिळताच कॅप्टन भडकमकर जेवण अर्धवट टाकून वर आले आणि त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं.

"जहाज उत्तरेला फिरवू म्हणतेस? एका बादलीवरून?"

"सर, लाटा बघा. काटा बघा."

"बघतोय. पण सहा जहाजं शांत म्हणताहेत. उद्या मला विचारलं, पत्रिका सोडून कशाच्या आधारावर वळलात, तर काय सांगू?"

पुढच्या महिन्यात तेजलची चीफ ऑफिसरची बढती होती. आईने तर गावभर सांगूनही टाकलं होतं.

"त्या नोंदी खोट्या आहेत, सर. सहाही. इतरांचं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण माझ्या नक्की खोट्या आहेत. सहा वर्षांत मी एकदाही बाहेर बघून नोंद केलेली नाही. तेवढंच सांगा."

चाचा फडक्याने फरशी पुसत होते ते पुसतच राहिले. कॅप्टननी चष्मा काढला.

"त्या प्रत्येक नोंदीखाली माझी सही आहे, तेजल. मी तरी कुठे बघितलं?" त्यांनी चष्मा परत लावला. "लिहून देशील?"

"देते."

"परवाना जाईल."

"माहितीये."

"लिही. मी खाली सही करतो. या खेपेला वाचून." आणि सुकाणूवरच्या खलाशाकडे वळून ते म्हणाले, "घ्या उत्तरेला."

'रेवती' सावकाश वळू लागली. डेकवर खुर्च्या सरकल्या, कुणीतरी ओरडलं, खानोलकरकाकूंनी सांडग्यांचं ताट छातीशी धरलं. तेजलने खरी नोंद भरली. पाणी एकतीस, दाब एक हजार चार, लाटा नैऋत्येच्या, आणि खाली कबुली: याआधीच्या माझ्या नोंदी न बघता केलेल्या आहेत, त्या धरू नयेत. तिने ती पाठवली. आपण काहीतरी मोठं केलं असं तिला वाटलं. चाळीस सेकंदांनी केंद्राचं उत्तर आलं.

'आपली नोंद या भागातील इतर पाच जहाजांशी जुळत नाही. निरीक्षकाने स्वतःची विश्वासार्हता नाकारली आहे. नोंद बाद. पत्रिकेत बदल नाही.'

"अरे, गाढवा!" ती पडद्यावर ओरडली. ती कुणावर ओरडली, तिचं तिलाच ठाऊक.

आता एकच वाट उरली होती. तिने 'स्वाती'ला उपग्रहफोन लावला. तिकडेही बारा ते चारचा पहारा गार्गीचाच.

"ताई? अगं, पहाऱ्यावर फोन? कुणी ऐकलं तर..."

"ऐकू दे. गार्गी, तुमच्या पुढे वादळ आहे. कॅप्टनना उठव आणि जहाज फिरवा."

पलीकडे हसू. "पत्रिकेत तर काही नाही. आत्ताच मान्य केलं मी."

"पत्रिका सोड! तू बाहेर बघितलंस का?"

"हे तू विचारतेस?" गार्गीच्या आवाजात थट्टा होती, पण खाली थोडा रागही होता. "तू इथे 'स्वाती'वर असताना, माझ्या पहिल्याच आठवड्यात मी दुर्बीण लावून उभी होते, तेव्हा तू काय म्हणालीस? 'बाहेर काय बघतेस येड्यासारखी, पत्रिका बघ.' शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या."

तेजलने डोळे मिटले. लाज वाटली तिला, सणसणीत लाज वाटली.

"चुकीचं शिकवलं मी तुला. माफी नंतर माग म्हणशील तर पायावर डोकं ठेवून मागेन. आत्ता फक्त काचेपाशी जा. माझ्यासाठी जा, बाळा."

गार्गीला लहानपणानंतर कुणी बाळा म्हटलं नव्हतं. फोनवर पावलं ऐकू आली, मग नुसती खरखर.

"ऊन आहे," गार्गी म्हणाली. "सूर्याभोवती खळं पडलंय. मोठं आहे."

"लाटा?"

"छोट्या, आग्नेयेच्या... थांब." ती पुटपुटत आकडे मोजत होती. मोजणं थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. "ताई, खालून दुसऱ्या येतायत. चौदा सेकंद. अगं, जहाज डोलतंय केव्हापासून, मला वाटलं माझंच डोकं दुखतंय म्हणून..."

"आता कॅप्टनना उठव."

"ते नाही ऐकणार. लाटा डोळ्यांनी मोजल्या म्हटलं तर हाकलून देतील. त्यांना आकडा लागतो, हातात धरता येईल असा. पडद्यावर पाणी अठ्ठावीसच दाखवतंय." गार्गीचा श्वास भराभर चालला होता. "ताई, इथे पूर्वी कॅनव्हासची बादली असायची ना? कुठे ठेवतात गं ती?"

तेजलने खाली पाहिलं. चाचांची बादली दाराशी उभी होती, तळाशी ओली. कडेला पुसट पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: स्वाती. तीन वर्षांपूर्वी त्या जहाजावर असताना, निरुपयोगी सामान म्हणून तेजलनेच ती भंगारात काढली होती. सहीसुद्धा तिचीच होती. तेव्हा तिथेच असलेल्या चाचांनी ती ढिगातून उचलली आणि दोघांची बदली झाली तेव्हा सोबत इकडे आणली. रोज तीन वर्षं ती हे नाव बघत होती आणि चाचांवर डाफरत होती.

चाचांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बादली किंचित मागे सरकवली.

"ती तिथे नाही," तेजल म्हणाली. "मी टाकून दिली होती. तू कुठलीही घे. भटारखान्यातली घे, अंघोळीची घे. दोर बांध, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने सोड, वर आली की लगेच थर्मामीटर घाल. सावलीत. आणि जो दिसेल तोच आकडा वाच. मला बरं वाटावं म्हणून नको, कॅप्टनना पटावा म्हणून नको. दिसेल तोच."

"फोन ठेवू नकोस," गार्गी म्हणाली आणि धावत सुटली.

तेजलने फोन कानाला घट्ट धरला. दार आपटलं. दूर कुणीतरी ओरडून विचारलं, बादली कशाला. मग फक्त वारा. तो सकाळच्या पत्रिकेतल्या वाऱ्यापेक्षा जास्त होता, की आपल्याला तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना. मागे कॅप्टन उभे होते, चाचा उभे होते. 'रेवती'चं नाक आता पुरतं उत्तरेला वळलं होतं आणि पितळी काटा आणखी थोडा उतरला होता. पलीकडे दोर कठड्यावर घासल्याचा आवाज आला, पाणी सांडल्याचा आला, आणि मग कितीतरी वेळ काहीच आलं नाही.

"गार्गी?" ती म्हणाली. "गार्गी, किती आलं?"