काकीची चाल

"दीदी, वो घोड़ा मत लीजिए."

पाठीमागून आवाज आला तेव्हा ऋताचा हात घोड्याच्या मानेवर होता आणि मनात त्याचं नावही ठरून गेलं होतं. रायपुरच्या गुढियारीतल्या त्या आवारात वरातीचे घोडे बांधलेले असत. आषाढातली भुरभुर नुकती थांबली होती आणि तो पांढरा घोडा ओल्या अंगाने नुसता चमकत होता.

"काहून?" ती वळून म्हणाली.

चिडली की तिच्या तोंडून हिंदीऐवजी घरचं मराठी निघायचं. समोरचा माणूस हसला. तिशीतला, सावळा. गळ्यात रेल्वेचं ओळखपत्र आणि बाहीवर वाळल्या गवताची एक काडी.

"आपल्यातल्याच निघाल्या. मग मराठीत सांगतो... तो घोडा घेऊ नका."

"चारही पाय उचलून देतो. डोळे शांत आहेत. चाल रेवाल आहे. मी सगळं वाचून आले आहे."

"चालताना पाहिला?"

"पाहिला."

"आणि थांबताना?"

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. किंवा असेल, तिनेच ते पान भरभर उलटलं असेल.

मालकाने घोडा पुन्हा फिरवून आणला आणि उभा केला. घोडा उभा राहिला, पण राहिला म्हणण्यापुरताच. लगाम चावत होता, एकदा हा पाय, एकदा तो पाय.

"त्याले उभं राहणं येत नाही," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "तुमचा एक पाय रिकिबीत असेल आणि तो निघून गेला असेल. नवख्या माणसानं आधी उभा राहणारा घोडा पाहावा. चाल मग पाहता येते."

त्याचं नाव शिशिर. मालधक्क्याच्या कार्यालयात नोकरी होती, आणि अभनपुरच्या रस्त्यावर काकीचं शेत होतं, तिथे तीन-चार घोडे. त्या दिवशी तो इथे खोगीर शिवून घ्यायला आला होता.

"तुम्हाले घोडा कशाले पाहिजे?" त्याने विचारलं.

या प्रश्नावर ऋता आजवर काहीतरी हसण्यावारी नेई. त्या दिवशी तिने खरं सांगितलं.

तेलीबांध्याच्या वळणावर तिची स्कूटर घसरली होती, त्याला आता बराच काळ लोटला होता. पाठ जुळली. डॉक्टरांनी धक्के तेवढे टाळायला सांगितले. घोड्याची साधी दुडकी चाल तिला कायमची बंद होती. पण रेवाल चालीत घोडा एकेक पाय वेगळा टाकतो, पाठ हलत नाही, वर बसलेला माणूस पाण्यावरून सरकल्यासारखा जातो. हे तिने पुस्तकात वाचलं आणि ते पुस्तक रात्री उशीखाली ठेवलं. घरचे सगळे म्हणत होते, पोहायला जा. तिला पोहायचं नव्हतं. तिला एकदा वेगाने जायचं होतं, आणि जाताना भ्यायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. त्याच काळात तिचं अभिनव नावाच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. त्याच्या घरचे फार चांगले होते. "अजून थोडं बरं होऊ दे," ते म्हणत राहिले... आणि त्या बरं होण्यात लग्न कधी मोडलं, हे तिला सगळ्यांत शेवटी कळलं. आई-वडिलांना आधीच माहीत होतं. तिला त्रास नको म्हणून कोणी बोललं नव्हतं.

"मी शोधून देतो," शिशिर म्हणाला. "रविवारी शेतावर या."

मग रविवार सुरू झाले. ऋता बसने अभनपुरच्या रस्त्यावर उतरायची, बांधावरून चालत शेतावर जायची, आणि तिथून शिशिरच्या जुन्या जीपमधून दोघं घोडे बघायला निघायचे. एक घोडा स्वतःच्या सावलीला बुजायचा. एक माशी बसली तरी लाथ झाडायचा. एक तिला फार आवडला, तपकिरी, तरणाबांड.

"नको," शिशिर म्हणाला. "तुम्ही नवीन, तोही नवीन. दोघांनी एकमेकांले शिकवायचं काय?"

"तुम्हाला एकही घोडा आवडत नाही. लग्नासाठी मुली पाहायला गेलात तरी असंच करता का?"

"गेलोच नाही कधी."

"का?"

"मुलीले असं दात पाहून, चालवून... बरं वाटत नाही." तो रस्त्याकडे बघत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पहिल्याच दिवशी तिने त्याला बजावलं होतं: चढताना-उतरताना हात देऊ नका, मागितला तरच द्या. तेव्हापासून जीपच्या उंच पायरीवरून ती उतरू लागली की तो दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहायचा. हे इतकं गंभीरपणे, की तिला हसू यायचं. आणि खरं सांगायचं तर आठवडाभर ऑफिसात बसल्या बसल्या तिला ते पाठीशी बांधलेले हात आठवायचे.

शेतावर आणखी एक घोडी होती. पिवळसर करडी, पोटाने सुटलेली, मोकळीच हिंडणारी. ऋता आली की ती मागे मागे यायची आणि पिशवीत तोंड घालायची. तिचं नाव काकी.

"घोडीचं नाव काकी? मग घरातल्या काकींना राग नाही येत?"

"येते ना," ओट्यावरून गोदावरीकाकीच म्हणाल्या. शिशिरचे काका गेल्यापासून शेत आणि घोडे त्याच बघत. "याच्या काकानं ठेवलं नाव. म्हणे, एक काकी भडकते, दुसरी भडकत नाही. लोकाईले ओळखता आलं पाहिजे ना."

ही काकी तरुणपणी वरातीची घोडी होती. फटाके, बँड, नाचणारी माणसं, कशाने तिचा कान हलायचा नाही. जुनी एक खोड तेवढी उरली होती. तोरण लावलेलं दार दिसलं की ती थांबायची. दारात घोडीला भिजवलेली चणाडाळ भरवतात, मग नवरदेव उतरतो. त्यामुळे डाळ मिळेपर्यंत ती जागची हलत नसे. सगळे तिला हसायचे. ऋताही हसायची.

गणपती नुकतेच गेले होते. त्या रविवारी ऋता लवकर पोचली. बांधावर उभी होती, तेव्हा गावाच्या बाजूने शिशिर काकीवर बसून येताना दिसला. खोगीर नव्हतं. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात दुधाचा डबा. घोडी चांगली वेगात होती. तो जवळ आला, "आज लवकर?" म्हणाला, आणि ऋताचं लक्ष डब्याकडे गेलं.

डब्याला झाकण नव्हतं. दूध काठोकाठ भरलेलं होतं. वरचा फेससुद्धा मोडला नव्हता.

तिच्या पुस्तकात एक चित्र होतं, हातात भरलेला पेला घेतलेल्या स्वाराचं.

"ही रेवाल आहे?" तिने विचारलं.

शिशिर खाली उतरला. डबा जमिनीवर ठेवला. बराच वेळ लावला त्याने तो ठेवायला.

"हव," तो म्हणाला.

"आणि उभी राहते."

"हव."

"काकी ही कोणाला देणार नसतील..."

"देणार आहेत. कोणी शांत माणूस भेटला तर देऊ, असं उन्हाळ्यापासून म्हणून राहिल्या." तो मातीकडे बघत होता. "मीच तुमच्याबद्दल बोललो नाही त्यांच्याजवळ. तुम्ही नव्या रायपुरात, ऑफिसजवळच्या क्लबात घोड्याची जागा ठरवली आहे. काकी दाखवली असती तर घेऊन गेल्या असत्या... मग रविवारी इकडं काहून आल्या असत्या?"

हे वाक्य ऐकावं म्हणून ती कितीतरी रविवार वाट बघत होती. पण ते आलं ते असं आलं.

"हे तुम्ही श्रावणात म्हणाला असतात तर मी लाजले असते," ती म्हणाली. "आज मला फक्त एवढंच कळतंय, की माझी गोष्ट पुन्हा एकदा मला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होती."

ती बसस्टॉपकडे चालायला लागली. काकी थोडी तिच्या मागे गेली, मग बांधाच्या टोकाशी थांबली. थांबणं तिला चांगलं येत होतं.

त्यानंतरचे रविवार ऋताने घरात काढले. क्लबातून घोड्याच्या ठरवलेल्या जागेबद्दल फोन आला, तो तिने घेतला नाही. ती पुन्हा पुन्हा तेच तपासत होती. सावलीला बुजणारा घोडा खरंच बुजत होता. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तपकिरी घोड्याने नव्या मालकाला पाडल्याचं मागाहून कानावर आलं होतं. ज्या घोड्याला शिशिर नको म्हणाला, तो खरोखरच नको असलेला होता. लबाडी एकाच जागी होती.

आणि त्या एका जागेपाशी तिचं मन अडून बसायचं. आजवर लोकांनी तिच्यापासून जे लपवलं ते तिच्या भल्यासाठी, तिला जपायला, जणू ती तडा गेलेली बरणी आहे. शिशिरने लपवलं ते स्वतःच्या लोभापायी. त्याला ती रविवारी यायला हवी होती. तिच्या पाठीचा, तिच्या बरं होण्याचा त्यात काही संबंध नव्हता. इतक्या दिवसांनी कोणाला तरी तिची दया आली नव्हती, हाव सुटली होती. राग यायचा तो येतच होता. पण त्याच्या तळाशी कुठेतरी ऊबही होती, आणि ती काही केल्या निघत नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोदावरीकाकींचा फोन आला.

"काहून वं पोरी, येत नाहीस? घोडी तुझी वाट पाहून राहिली."

"घोडी का?"

"हव. पुतण्या बी पाहून राहिला, पण त्याचं काही मनावर घेऊ नको. त्याले बुद्धी उशिरा येते. घोडी शहाणी आहे."

ऋता गेली. काकीच्या गळ्यात दसऱ्याची झेंडूची माळ होती आणि शिशिर कुंपणापाशी उभा होता, हात पाठीशी.

"घोडी तुमच्यासाठी तयार आहे," तो म्हणाला. "क्लबात पोचवून देतो म्हणाल तेव्हा. आणि... चुकलो मी."

"हो, चुकलात," ऋता म्हणाली. "आधी मला बसायला शिकवा. कुठे न्यायची ते मग बघू."

ती दगडी ओट्यावरून काकीच्या पाठीवर बसली. घोडी हलली नाही. ऋताचा श्वास सावकाश खाली आला, तेव्हा काकीनेही एक लांब श्वास सोडला. पुढच्या रविवारी त्या कुंपणाच्या आत चालल्या. त्याच्या पुढच्या रविवारी शिशिर म्हणाला, "आता पाय थोडा लावा," आणि काकीची पाठ तिच्याखाली सपाट झाली. कुंपणाचे खांब एकेक करून मागे जाऊ लागले. वारा कानांत शिरला. पाठीत काही दुखलं नाही. ती रडते आहे हे तिला फेरी संपल्यावर कळलं, आणि शिशिरने ते पाहूनही विचारलं नाही. फक्त पाण्याचा लोटा कुंपणावर ठेवून तो दूर जाऊन उभा राहिला. अजून ती दोघं एकमेकांना तुम्हीच म्हणत होती.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी काकींनी तिला मुद्दाम बोलावलं. संध्याकाळ व्हायला आली होती. ऋता पहिल्यांदाच कुंपणाबाहेर गेली होती, एकटी, बांधाच्या कडेने. परत येताना पलीकडच्या वस्तीत कोणाच्या तरी दारी बँड सुरू झाला. काकीचे कान उभे राहिले. तिने मान उचलली, पाय बदलले आणि तबेल्याची वाट सोडून ती थेट घराकडे निघाली, अगदी ऐटीत, जुन्या दिवसांत निघायची तशी. ऋताने लगाम ओढला नाही. ओढता आला असता.

अंगणात उसाचा मांडव होता आणि दाराला आंब्याचं तोरण. काकी बरोबर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

अक्षता वाटता वाटता शिशिर बाहेर आला.

"आता ही हलायची नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"उतरता का?"

"कशी उतरणार? डाळ कुठे आहे?"

तो बघत राहिला. "डाळ तर... वरात असली की देतात."

"मग ही काय आहे?"

आतून गोदावरीकाकींचा आवाज आला, "शिशिर, कोण आहे रे दारात?"

शिशिरच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या.

"सांग ना त्यांना," ऋता म्हणाली. तिचे स्वतःचे कान तापले होते. "तिकडे क्लबातली जागा मी सोडली आहे. आता रविवारी येण्यासाठी मला घोडी शोधण्याचं कारण लागणार नाही... शिशिर, मी सहा दिवस तेलीबांध्यातल्या घरी आणि एक दिवस इथे, असं किती दिवस करू? तुझ्या काकीला विचार, शांत माणूस भेटलाय म्हणावं. दोघींना एकदम ठेवून घेता का."

शिशिर आत गेला. आत काहीतरी सांडल्याचा आवाज झाला, काकी रागावल्या, मग एकदम गप्प झाल्या. तो आला तो वाटीत भिजलेली चणाडाळ घेऊन; नैवेद्याच्या वाटलीडाळीसाठी ठेवलेली असावी. त्याने ती ओंजळीत घेतली. घोडी सावकाश खात होती आणि तिचं खाणं संपेपर्यंत दोघांनाही दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"खाल्ली तिनं," तो शेवटी म्हणाला. "आता उतर... ना."

त्याचे ओले हात सवयीने पाठीमागे गेले.

"हात दे," ऋता म्हणाली.