वरणभाताचं आळं

सकाळी साडेअकराला पहिल्याच ताटावर भट्टीचा तांबडा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आकार अमान्य. ताट नाकारले.'

"नाकार मेल्या," स्वयंपाकीण द्वारका खैरनार म्हणाली.

'समोष्ण' नावाची ही भट्टी तीन महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आली. फ्रिजमधलं थंड ताट ती सूक्ष्मलहरींनी तापवते आणि तिचा उष्णतानेत्र त्यावर नजर ठेवतो. चौऱ्याहत्तर अंश दिसले की हिरवा शिक्का. शिक्क्याशिवाय वॉर्डाचं दार उघडत नाही. भट्टी आली त्याच दिवशी सुईचे तापमापक खणात गेले. त्यातला एक द्वारकाने परवानगी न विचारता काढून घेतला होता.

ताट चार नंबरच्या उकिडवे सरांचं होतं. भूगोलाचे निवृत्त मास्तर. अकरा दिवसांपूर्वी त्यांच्या हाडांत दुसऱ्याचा मगज घातला होता आणि क्षुल्लक जंतूशीही लढायची ताकद अंगात उरली नव्हती. काल ते म्हणाले होते, "मावशी, भात आत गार लागला, म्हणून ठेवला." तिने उरलेल्या मुदीतून सुई आरपार घातली. कडेला पासष्ट, पोटात अडतीस. ताटावर शिक्का होता हिरवागार.

व्यवस्थापक फडतरे धावत आले. "द्वारकाबाई, मूद का मोडली? यंत्राला मुदीचंच चित्र शिकवलंय!"

"चित्रच शिकवलंय ना, सर. लहरी आत जातात अंगठ्याएवढ्या. त्यातल्या निम्म्या वरचं खारट वरणच पिऊन टाकतं. मुदीच्या पोटात काय आहे, हे त्याच्या डोळ्याला कसं दिसणार?"

"यंत्र तपासून घेतलंय."

"भाताला तपासलं का?"

फडतरे चिडले. "तीन नकार झाले की तुमचा प्रवेश बंद होतो. आधीचा एक धरून हा दुसरा आहे."

द्वारकाला भीती वाटली, नाही असं नाही. पण रागही आला, आणि राग मोठा होता. ती ताट घेऊन परिचारिकांच्या खोलीत गेली. तिथे चहा गरम करायचा जुना, बिनडोळ्यांचा मायक्रोवेव्ह होता. तिने भाताला आळं केलं, लहानपणापासून वरणासाठी करत आली तसंच. पण वरण वेगळ्या वाटीत ठेवलं आणि आळं रिकामं सोडलं, म्हणजे लहरींना आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून वाट. पाण्याचा हबका मारला, वर झाकण ठेवलं. मध्ये एकदा भात खालवर करून पुन्हा आळं केलं. वरणही ढवळलं. बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकण काढलं नाही. उष्णतेला मुरायला वेळ लागतो, एवढं कुठल्याही स्वयंपाकिणीला कळतं. मग सुई. तीन ठिकाणी शहात्तर, सत्त्याहत्तर, शहात्तर. वरण ब्याऐंशी. ते तिने आळ्यात ओतलं.

वॉर्डाच्या दाराशी सिस्टर लोबो उभी होती.

"मावशी, शिक्का कुठाय?"

"नाही. ही सुई आहे."

मागून फडतरे ओरडले, "सिस्टर, दार उघडू नका!"

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग सुई पुसून स्वतः भातात घातली. आकडा वाचला आणि दाराची हाताने फिरवायची किल्ली काढली. दाराशेजारचा पडदा लगेच उजळला: 'विनाशिक्का अन्न. जबाबदार व्यक्तीचे नाव भरा.'

द्वारकाने एकेक अक्षर शोधत पूर्ण नाव भरलं. दार उघडलं, सिस्टर ताट घेऊन आत गेली. भात वाफाळत होता.

"विनाशिक्का ताट म्हणजे नकारच. हा तिसरा," फडतरे म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

"येईन की. दाराबाहेर उभी राहीन, ही सुई घेऊन. एक सांगा सर, तीन महिन्यांत इतकी हिरवी ताटं या दारातून आत गेली. त्यातल्या एकाखाली तरी कुणाचं नाव होतं का?"