नानासोंची भट्टीवरची कापडं

"ह्ये काय आणलंस रं?" तळहातावरची ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी गोळी बघून मनुबाईचा आवाज माजघरातून पार मांडवापर्यंत गेला... "मी कापडं मागितली हुती. माझ्या मालकाची कापडं! ह्ये सोनं कुणी मागितलंतं तुला?"

धाकटा दीर धनाजी मान खाली घालून उभा राहिला. सकाळीच तो तमिळनाडूतल्या सेलमहून उतरला होता. तिथं त्यांचं गलाईचं दुकान. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. त्या भट्टीपुढं मनुबाईच्या मालकांनी, नानासोंनी, चौतीस वर्षं काढली, गेल्या साली तिथंच ते गेले, आणि घरी आला तो पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह! आज विट्याजवळच्या या गावात त्यांचं वर्षश्राद्ध होतं.

"वैनी, आवं... भट्टीवरची कापडं आमच्यात कुणी टाकत न्हाई. सोन्याचं कण बसल्यालं असत्यात. जाळली, राख धुतली, तवा एवढं निघालं. दादाचंच हाय ते."

"माझा नवरा गाळून आणलास व्हय रं, धना!" तिनं ती गोळी त्याच्या अंगावर फेकली.

बाहेर स्पीकरवर कुणी पाहुणा घसा ताणत होता, "नानासो म्हणजे कुटुंबवत्सल माणूस, आदर्श व्यापारी..." मनुबाईच्या काळजात इंगळ फुलले. कुटुंबवत्सल! होतेच ते... गावातली वीस पोरं धंद्याला लावली, दोन बहिणी उजवल्या, रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन, आणि म्हशीनं दूध किती दिलं इथपासून चौकशी. पण चौतीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला नवरा आला तो सालातनं यात्रेचे आठ दिवस आणि दिवाळीचे पंधरा! गाडीतनं उतरले की आधी अंगणातल्या नळाखाली खसाखसा अंघोळ करायचे, सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा वास घरात नको म्हणून... तरी मानेला तो आंबट, जळका वास राहायचाच, आणि त्या वासालाच ती नवरा म्हणून ओळखायची. तेवढा वास पेटीत घडी घालून ठेवायचा होता तिला, बाकी काही नको... आणि या मेल्यानं तोही जाळला!

"आठ वर्साचा हुतास मी ह्या घरात आले तवा. तुझं नाक ह्या पदरानं पुसलं. त्यांनी तुला गादीवर बसवलं गिऱ्हाइकासंगं गोड बोलायला, आन् सोता धुरात हुभे ऱ्हायले, तुझ्या छातीत धूर जाऊ ने म्हणून! त्या भावाचा एक शर्ट ठिवता आला न्हाई तुला?"

"न्हाई आला."

"का?"

धनाजी मांडवाकडं बघू लागला.

"तोंडात गुळणी धरलीस का? बोल की!"

"रगात हुतं त्यावर, वैनी!" धनाजी ओरडला, आणि त्रेचाळीस वर्षांचा तो बाप्या पोरासारखा हुंदके देऊ लागला... "पुढनं समदा शर्ट भरल्याला. वरीसभर खोकत हुता दादा. तुमाला फोन लावायच्या आधी गरम पानी पिऊन घसा मोकळा करायचा. 'हिला कळलं तर गाडी करून येईल, मला वडून न्हेईल, भट्टी इझंल' म्हणायचा. वचन घेतलं माझ्याकडनं... कापडं घरी जायाची न्हाईत म्हणून."

मनुबाईला रडू फुटेल असं वाटलं; फुटला तो संताप! हार घातलेल्या फोटोपुढं ती ताडकन जाऊन उभी राहिली.

"न्हेलंच असतं वडून! बायकू हुते का पाव्हणी हुते मी तुमची? रोज आपलं 'बरं हाय, बरं हाय'... आन् मी खुळी, म्हशीचं दूध सांगत बसले!"

धनाजीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "मला मारा, वैनी. पर दादाला बोलू नगा..." आणि बोलता बोलता त्याला ढास लागली. ती थांबेना. त्यानं तोंड फिरवून रुमाल दाबला, घाईनं खिशात कोंबू लागला... मनुबाईनं त्याचं मनगट पकडलं.

"भट्टीवर कोन असतं आता?"

"मीच. लोकाची पोरं कशी हुभी करायची धुरात?"

"आन् ही ढास कवापासनं?"

"काय न्हाई वो. हवा बदलली..."

त्यांचाच भाऊ, त्यांचीच थाप! कापडं धाडली नाहीत म्हणून वर्षभर त्याच्यावर धरलेली अढी त्या एका क्षणात राख झाली, मागं उरलं ते नुसतं भय... आणि तेही तिच्या तोंडून शिवी होऊनच बाहेर पडलं.

"ऊठ, मुडद्या! मिरजंला जायाचं. छातीच्या डाक्टरकडं. आत्ता!"

"वैनी, निवद ऱ्हायलाय! समदा गाव पंक्तीला बसलाय..."

"जेवू दे गावाला. गेल्यालं मानूस थांबतंय, त्याला कुठं जायाचंय?"

आणि दिराचं मनगट न सोडता ती मांडवात उतरली. पत्रावळींच्या मधनं, वाढप्यांना बाजूला सारत, ताठ मानेनं चालली. स्पीकरवरचं भाषण अडखळलं, माना वळल्या, कुणाचा घास हातातच राहिला...

"हात सोडा की, वैनी," धनाजी कासावीस होऊन पुटपुटला, "लोकं बघत्यात!"

"बघू देत," ती म्हणाली, आणि आता कुठं तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहू लागलं. "ह्या घरात लपवून लय झालं."